इंजिन मोजा, मगच पैसे मोजा

जुनी मोटरसायकल घ्यायला निघालेल्यांना एक विनंती आहे. रंग बघा, टाकीची चमक बघा, किक मारून आवाज ऐका, सगळं करा. पण इंजिनाच्या आत कुणी काय केलंय हे मोजून घेतल्याशिवाय इसार देऊ नका. मोजून म्हणजे खरोखर मोजून. हेड काढायचं, सिलिंडरमध्ये माप घालायचं आणि आलेला आकडा कागदावर लिहायचा.

हे सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ती यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्सच्या मार्फत ही गाडी १९८५ मध्ये आपल्याकडे आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे अगदी शेवटी बनलेल्या गाडीनंही पंचविशी कधीच ओलांडलीय. तरी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, कुठंही जा, गाडी बंद झाल्यानंतर जन्मलेली पोरं तिच्यासाठी जीव टाकतात. चांगल्या गाडीला लाखाच्या वर भाव सांगितला जातो आणि तो मिळतोही. एवढे पैसे एका गरजू पोराच्या हातात साठायला दोन-तीन वर्षं जातात, किंवा आईवडील कुठून तरी उभे करतात. त्या पैशात नेमकं काय घरी येतंय हे कळायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

आरएक्सच्या इंजिनाला हात लावायचा मोह का होतो तेही समजून घ्या. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. रचना सोपी. टू-स्ट्रोक, हवेनं थंड होणारं, व्हॉल्व्ह-कॅमचा पसारा नाही. सिलिंडरच्या भिंतीत जी भोकं असतात, ज्यांना आपण पोर्ट म्हणतो, त्यांची उंची दोन-तीन मिलिमीटरनं वाढवली की गाडीचा सगळा स्वभाव पालटतो. हातात ग्राइंडर आणि डोक्यात हौस असलेला कुणीही ते करू शकतो. ज्याला येतं तो नीट करतो. ज्याला येत नाही तोही करतोच, आणि त्याची गाडी वर्षभरात 'अर्जंट विकणे आहे' म्हणून बाजारात येते.

बदल करणं हेच पाप, असं मी म्हणत नाही. मैदानावर शर्यत खेळायला कुणी इंजिन वाढवून घेतलं, तर तो त्याचा छंद आहे. माझी तक्रार लपवण्याबद्दल आहे. वाढवलेलं इंजिन 'कंपनी फिटिंग, सीलबंद, हात लावलेला नाही' म्हणून विकलं जातं तेव्हा घेणारा माणूस रोज कामावर जायच्या भरवशानं ते घेतो. मग एक दिवस पुणे-बंगळूर रस्त्यावर सत्तरच्या वेगात पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं जातं. टू-स्ट्रोक गाडी चालवणाऱ्यानं एवढं तरी अंगी बाणवून घ्यावं: वेगात इंजिनाचा आवाज एकाएकी बसू लागला, गाडी मागून ओढल्यासारखी वाटली, की आधी क्लच दाबायचा. विचार नंतर करायचा. ज्याला आपल्या इंजिनात काय आहे हे ठाऊकच नाही, त्याचा हात क्लचवर वेळेत जात नाही.

जाम होण्यामागचं कारण साधं आहे. इंजिन मोकळं श्वास घेऊ लागलं, म्हणजे एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावला, मूळ सायलेन्सर जाऊन एक्स्पान्शन चेंबर आला, पोर्ट मोठे झाले, की हवा जास्त जाते. त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवावं लागतं. कार्बोरेटरमधला मेन जेट मोठा टाकावा लागतो. तो टाकला नाही तर मिश्रण पातळ होतं, पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरतो. ऑइल टाकीतच पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल तर पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. दोन्ही मार एकाच वेळी बसतात.

आता मापाचं बोलू, कारण सगळी मेख तिथं आहे.

आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तोही ५० मिलिमीटर. शाळेत शिकलेलं वृत्तचितीचं घनफळ काढा: त्रिज्या अडीच सेंटिमीटर, उंची पाच सेंटिमीटर. उत्तर येतं ९८.२ घन सेंटिमीटर. आरसीवर लिहिलेले ९८ सीसी ते हेच. सिलिंडर झिजला की तो लेथवर किंवा बोअरिंग मशीनवर किंचित मोठा करतात आणि त्या मापाचा पिस्टन टाकतात. हे पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायरीनं मिळतात: ५०.२५, ५०.५०, ५०.७५ आणि ५१. बहुतेक पिस्टनच्या माथ्यावर ही वाढ कोरलेली असते, ०.५० किंवा नुसतं ५०, अशी. ५१ चा पिस्टन असला तरी घनफळ १०२ सीसीच्या आसपास भरतं. ही दुरुस्ती आहे, बदल नाही. जुन्या गाडीत ती सापडणारच, आणि सापडली म्हणून विकणाऱ्यावर आवाज चढवू नका. उलट त्यानं वेळेवर काम करून घेतलं याची ती खूण आहे.

पण तिथं ५८ मिलिमीटर निघाला तर? तेव्हा तुमच्यासमोर आरएक्स १३५ चा ब्लॉक आहे. दोन्ही गाड्यांचा स्ट्रोक सारखाच, ५० मिलिमीटर, म्हणून १३५ चा ब्लॉक १०० वर चढवणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी करामत. बऱ्याचदा क्रँककेसचं तोंड थोडं घासून तो बसवतात. घनफळ झालं १३२ सीसी. आरसीवर मात्र ९८ च. उलटंही होतं: १०० ला भाव जास्त म्हणून १३५ ची टाकी-स्टिकर बदलून ती १०० म्हणून खपवली जाते. दोन्ही फसवणुका एका मापानं उघड्या पडतात. ५० आणि ५८ यांतला फरक ओळखायला महागडी साधनं नकोत, साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो.

आपल्याकडे बैल घेताना शेतकरी आधी त्याचं तोंड उघडतो. चौसा आहे, सहादाती आहे की जुळलेला, हे बघितल्यावरच रुमालाखाली बोटं धरतो, आणि विकणाराही त्याचा राग मानत नाही. इंजिनाचं हेड काढायला सांगण्यात तेवढंच वावगं आहे, म्हणजे काहीच नाही.

तरी हेड उघडायच्या आधी पुष्कळ काही फुकटात कळतं.

जाण्यापूर्वी फोनवर एक गोष्ट स्पष्ट सांगा: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, चहा प्या, गार होऊ द्या. थंड इंजिन चोक ओढून दोन-चार किकांत सुरू व्हायला हवं. सुरुवातीला धूर येणं टू-स्ट्रोकला स्वाभाविक आहे. इंजिन तापलं की तो विरळ झाला पाहिजे. तापूनही दाट पांढरा धूर येत राहिला आणि पेट्रोलबरोबर जाणारं ऑइल कितीही कमी केलं तरी हटेना, तर क्रँकचं गिअरबॉक्सकडच्या बाजूचं सील गेलेलं असू शकतं. मग इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं. गिअर ऑइलची पातळी बघितली की खात्री पटते. ऑइल कुठून जातं हेही विचारा: पंपातून की टाकीत मिसळून? मिसळून असेल तर किती लिटरला किती, हे मालकाला चटकन सांगता आलं पाहिजे. तो अडखळला तर गाडी खरोखर त्याची आहे का, ही शंका घ्यायला जागा आहे.

मग खाली बसून इंजिनाकडे बघा. हेडचे नट आणि ब्लॉकच्या बुडाचे नट बघा. कोपरे झिजून गोल झालेत का? ब्लॉक नवा चकचकीत आणि क्रँककेस काळवंडलेलं, असं जोडपं दिसतंय का? सांध्यातून गॅस्केटचं चिकट सिमेंट बाहेर आलंय का? यातलं काहीही दिसलं तर इंजिन उघडलं गेलंय, एवढं नक्की. तीस वर्षांच्या टू-स्ट्रोकचं इंजिन उघडलेलं असणं हा गुन्हा नाही. पिस्टन-रिंगा बदलायला ते उघडावंच लागतं. पण 'हात लावलेला नाही' हे वाक्य मात्र त्याच क्षणी खोटं ठरतं, आणि एक वाक्य खोटं ठरलं की बाकीची वाक्यंही तपासायची.

इंजिन नंबर बोटानं चाचपून बघा. अक्षरं सरळ रेषेत, एकसारख्या खोलीची हवीत. त्या जागी घासल्याची, पुन्हा ठोकल्याची, रंगाचा जाड थर दिल्याची खूण दिसली तर तिथून निघा. तिथं भाव करायलाही थांबू नका. आरएक्स चोरीला जाणारी गाडी आहे, आणि चोरीच्या गाडीचं इंजिन दुसऱ्या चॅसिसवर चढवून विकणं हा जुना धंदा आहे. आरसीवरचे चॅसिस आणि इंजिन असे दोन्ही नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवा. मालकाच्या मोबाइलमधला फोटो चालणार नाही, मूळ आरसी हातात घ्या आणि परिवहनच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून नोंद बघा.

प्लग काढायला पाच मिनिटं लागतात आणि तो पुष्कळ सांगतो. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर. पांढरं पडलं असेल, त्यावर बारीक कण चिकटले असतील, तर इंजिन पातळ मिश्रणावर तापून चाललंय. काळं, ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. प्लगवरचा नंबरही वाचा आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या नंबराशी ताडून बघा. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग 'थंड'. बॉशमध्ये नेमकं उलट. मूळ प्लगपेक्षा थंड प्लग लावलेला दिसला, तर कुणाला तरी हे इंजिन जास्त तापतं हे माहीत होतं. तो प्लग उगीच कुणी लावत नाही.

गाडी चालवताना वेगाच्या मोहात पडू नका, इंजिन कुठून ओढतं याकडे लक्ष द्या. मूळ आरएक्स खालच्या वेगातही गुमान ओढते. दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत नुसता थ्रॉटल दिला तरी उचलते. एक्झॉस्ट पोर्ट उंच केलेली गाडी खाली मेल्यासारखी असते आणि एका ठरावीक आवाजाच्या पुढं गेली की एकदम झेप घेते. नवख्या पोराला ही झेपच आवडते. पण गाव-तालुका-कॉलेज एवढ्या रोजच्या फेरीत, खड्ड्यांतून आणि गर्दीतून, ती गाडी सतत गिअर मागते, पेट्रोल पिते आणि सिग्नलला बंद पडते. चौथ्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय; प्लेटा झिजल्या असतील किंवा ११ हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या क्लचवर जास्त ताकद पडत असेल. चढावर खडखड, टकटक ऐकू आली तर कॉम्प्रेशन वाढवलंय किंवा टायमिंग पुढं केलंय, असा संशय घ्या. आणि ब्रेक दाबून बघताना एवढं ध्यानात ठेवा की या गाडीला पुढं-मागं ड्रम ब्रेक आहेत. इंजिन वाढवणाऱ्यांपैकी ब्रेक वाढवणारे फार थोडे असतात.

कॉम्प्रेशन गेज तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये असतं, सोबत घेऊन जा. प्लगच्या जागी गेज बसवायचं, प्लगच्या टोपीत प्लग खोचून तो इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारत राहायचं. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आकडा मॅन्युअलपेक्षा पुष्कळ कमी असेल तर झीज. पुष्कळ जास्त असेल तर कुणीतरी हेड घासून पातळ केलंय किंवा ब्लॉकखालचं गॅस्केट काढलंय. दोन्ही बाबतींत पुढं जायचं तर हेड उघडायलाच हवं.

आता हेड. आरएक्सचं हेड चार नटांवर असतं. इंजिन गार असताना, नट आलटून-पालटून थोडे थोडे सैल करत काढलं तर काम अर्ध्या तासाचं आहे. नव्या गॅस्केटचे आणि मेकॅनिकच्या मजुरीचे पैसे तुम्ही द्या. तुम्हाला बघायचंय, खर्च तुमचा. मेकॅनिक विकणाऱ्याचा नको, तुमचा हवा. पैसे देऊनही मालक उघडू देत नसेल, तर गाडी सोडून द्या. कितीही आवडली असली तरी. 'उघडलं की इंजिन बिघडतं' हे तो मनापासून मानत असेलही, पण त्याच्या समजुतीची किंमत तुम्ही का मोजावी?

उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचा, बोअर मोजा. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या अशा दोन दिशांनी. यासाठी बोअर डायल गेज असलं तर उत्तम, म्हणजे सिलिंडर किती निमुळता आणि किती लंबगोल झालाय तेही कळतं. भिंतीवर उभे ओरखडे दिसले तर इंजिन पूर्वी कधीतरी जाम झालेलं आहे. हेडचा खालचा पृष्ठभाग बघा: ताज्या घासकामाच्या रेषा दिसतात का, हेडची सर्वांत खालची पाती आणि गॅस्केटची जागा यांतलं अंतर कमी वाटतं का? शेजारी मूळ हेड ठेवून तुलना करता आली तर डोळ्यांनाच कळतं.

मग सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्चचा उजेड टाका. कारखान्यातून आलेल्या पोर्टच्या भिंती ओतीव कामाच्या, किंचित खरबरीत असतात. हातानं घासलेला पोर्ट चकचकीत असतो आणि त्यात ग्राइंडरच्या वळणदार रेषा दिसतात. खिडकीची वरची कड सरळ आहे की एका बाजूला चढलीय तेही बघा.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण बोअरिंगच्या कामाशी माझा जुना संबंध आहे आणि सगळ्यात जास्त इंजिनं याच जागी वाया जाताना मी पाहिली आहेत. बोअर वाढवायची मर्यादा संपली की ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, घालतात. त्या स्लीव्हमध्ये पोर्टच्या खिडक्या नव्यानं कापाव्या लागतात. त्या मूळ ॲल्युमिनियमच्या खिडक्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत आणि प्रत्येक खिडकीची कड हलकेच घासून गोलसर केली पाहिजे. हे शेवटचं काम कंटाळवाणं असतं. त्याला तासभर लागतो आणि गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते गाळलं जातं. पिस्टनची रिंग दर फेऱ्याला त्या खिडकीवरून जाते आणि जाताना किंचित बाहेर फुगते. कड धारदार असली की एक दिवस रिंग अडकते, तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडर, पिस्टन, हेड सगळ्यांना घेऊन जातो. तेव्हा खिडकीच्या कडेवरून बोट फिरवा. नखाला कड टोचली तर ते काम अर्धवट आहे, मग ते मूळ मापाचं असो की वाढवलेलं. बोअरिंग करणाऱ्या माझ्या भावांनाही हात जोडून सांगतो, तो एक तास द्या. त्या तासाचे पैसे वेगळे मागा, पण द्या.

कार्बोरेटरचा खालचा डबा उघडून मेन जेटवरचा नंबर वाचा. रीड व्हॉल्व्ह काढून बघा, पोलादी पात्यांच्या जागी फायबरची पाती असतील तर तो नंतर केलेला बदल. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. खालच्या टोकाला वर-खाली खेळ जाणवला तर क्रँकचं काम निघालं, आणि ते खर्चिक असतं.

चार-स्ट्रोक गाड्यांत तत्त्व हेच, जागा वेगळ्या. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० आणि ५०० चा ८४ मिलिमीटर, स्ट्रोक दोन्हींचा ९०. आरसीवर ३४६ सीसी आणि वर ५०० चा ब्लॉक, ही जोडी अनोळखी नाही. चाकणच्या पल्सरमध्येही सुरुवातीच्या १५० आणि १८० चा स्ट्रोक एकच होता, म्हणून १५० मध्ये १८० चं किट बसवलेल्या गाड्या फिरतात. चार-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा गाड्यांत मात्र बदल लोखंडात न राहता कॉम्प्युटरमध्येही लपतो. सीटखाली मूळ वायरिंगला मध्येच जोडलेली परकी डबी दिसते का बघा, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलाय का बघा, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घ्या.

एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांची ती मैदानी गाडी, जुनी घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवून फिरवून थकलेल्या या गाड्या विकायला निघतात आणि फार्महाउसवाले त्या मुलांसाठी घेतात. बहुतेकींना रस्त्यावर चालवायची नोंदणी नसते, त्यामुळे आरसी नाही, त्यामुळे इंजिन मूळचं की दुसऱ्या कुठल्या मोटरसायकलचं हे सांगणारा कागदही नाही. तिथं फक्त मापावर आणि इंजिनावरच्या नंबरावर भरवसा ठेवायचा. मुलांच्या एटीव्हीला थ्रॉटल ठरावीक मर्यादेपलीकडे उघडू नये म्हणून एक स्क्रू असतो, काहींना सायलेन्सरमध्येही अडथळा असतो. हे दोन्ही जागेवर आहेत का ते स्वतः, डोळ्यांनी बघा. मुलांना गाडीवर बसवायच्या आधी बघा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनच बदललं असेल तर ते आरटीओला १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंदवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाजाचं आणि धुराचं कलम १९० वेगळं. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द होण्याची तरतूद आहे. हा दंड गाडी चालवणाऱ्याच्या किंवा चालवू देणाऱ्याच्या माथी येतो; बदल पूर्वीच्या मालकानं केला होता असं सांगून सुटका होत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या रीपासिंगला गाडी आरटीओत तपासली जाते तेव्हाही हेच निघतं. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

विकणाऱ्यांनाही माझं तेवढंच कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही जे केलंय ते सांगा. ५० चा ५०.७५ केला, सांगा. पोर्ट घासले, सांगा. मूळ ब्लॉक, मूळ सायलेन्सर, फिल्टरचा डबा घरात माळ्यावर पडला असेल तर तो गाडीबरोबर द्या; मूळ भाग सोबत असलेल्या गाडीला घेणारा आनंदानं चार पैसे जास्त देतो, कारण मूळ भाग आता सहजी मिळत नाहीत. आणि विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावरून उतरवाच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की गाडी विकलेली असली तरी नोंदणीवर ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. तुमच्या हातून वाढलेलं इंजिन दुसऱ्याच्या हातात आणि नाव अजून तुमचंच, अशी स्थिती एक दिवसही ठेवू नका.

व्यवहार ठरला तर स्टॅम्पपेपरवरच्या करारात किंमत आणि तारखेच्या जोडीनं चार ओळी आणखी लिहून घ्या: इंजिन नंबर, मोजलेला बोअर किती मिलिमीटर, पिस्टन कोणत्या मापाचा, आणि पोर्ट, हेड, कार्बोरेटर, सायलेन्सर यांपैकी काय मूळ आहे आणि काय बदललेलं. खाली दोघांच्या सह्या, आणि ज्यानं हेड उघडून माप घेतलं त्या मेकॅनिकचीही सही. हा कागद आरसीच्याच पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी इंजिनाचं काम निघेल तेव्हा कोणता पिस्टन मागवायचा हे बोअरिंगवाल्याला त्यावरूनच कळेल.